डबल एक्स्पोजरने डोंगरावरचा चंद्र कसा टिपायचा? असा फोटो खोटा मानतात का?

तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात म्हणून लिहायला बसलो. पहिल्याची उत्तरं यूट्यूबवर ढिगाने पडली आहेत.

हो, मानतात. माझा मानला होता, एकाच फ्रेमवर दोनदा शटर दाबून काढलेला.

फिल्मचे दिवस. निकॉन एफएम-२ कॅमेरा, १०५ मिलिमीटरची लेन्स, स्लाइड फिल्म. तोरण्यावर ट्रायपॉड, समोर राजगड. दिवस वैशाखी पौर्णिमेचा निवडला, कारण उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर उलट, म्हणजे आग्नेयेकडे झुकून उगवतो. तोरण्यावरून राजगडही पूर्व-आग्नेयेलाच. हा हिशेब पंचांग आणि टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा नकाशा, पुढ्यात घेऊन केलेला, ॲप कुठली तेव्हा! सूर्य बुडाला, बालेकिल्ल्याचा कडा जेमतेम दिसत होता, तेव्हा पहिलं एक्स्पोजर घेतलं, मीटरपेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचं. फिल्म सरकवायच्या लिव्हरजवळचा खटका धरून लिव्हर फिरवली की शटर भरतं, फिल्म जागची हलत नाही. मग लेन्सला कॅप, ट्रायपॉडला धोंडा टांगलेला, आणि वाट बघणं. वैशाखात क्षितिजावर धुरळा असतो, चंद्र त्यातून तांबूस वर येतो, पांढरा व्हायला वेळ घेतो आणि तोवर उजवीकडे सरकतो. म्हणून फ्रेमची उजवी बाजू आधीच मोकळी सोडली होती. चंद्र तिथे आल्यावर दुसरं एक्स्पोजर. तीच लेन्स, तीच जागा, तीच संध्याकाळ.

क्लबच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "शटर दोनदा दाबलं म्हणजे चित्रं दोन. प्रवेशिका एक." सभागृहात हशा. पहिलं बक्षीस कुणाला? टोबॅको फिल्टर लावून केशरी केलेल्या भर दुपारच्या समुद्राला! काचेने आकाश रंगवलं तर ती कला, आणि खरा चंद्र खऱ्या गडावर आला की लबाडी.

लबाडी कशाला म्हणायचं ते सांगतो. चंद्र आकाशात असतो जेमतेम अर्ध्या अंशाचा. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला, ११०ने भागा, सेन्सरवर तेवढे मिलिमीटर. २००च्या लेन्सवर १.८, २४च्या लेन्सवर ०.२. ४००ने काढलेला चंद्र २४च्या दृश्यावर चिकटवणं ही लबाडी. गडामागे परातीएवढा चंद्र हवा असेल तर लांब लेन्स घेऊन काही किलोमीटर मागे जा ना! शिवाय उत्तर क्षितिजाला टेकलेली पौर्णिमा, चंद्राच्या मागून जाणारे ढग, कोरीच्या पोटात चमकणारा तारा, हे सगळं रोज बघतो आणि त्याखाली हजारो लाइक असतात. आमचे परीक्षक आज कुठे आहेत कोण जाणे.

बरं, पहिला प्रश्न. चंद्राच्या एक्स्पोजरमध्ये बाकी सगळं काळं राहतं, म्हणून ते दृश्यावर बेमालूम बसतं. पण दृश्यातलं आकाशही त्या जागी गडद हवं, नाहीतर चंद्र धुतल्यासारखा फिका दिसतो आणि ढग असेल तर तो चंद्रातून आरपार दिसतो. एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० इथून सुरुवात करा, चंद्र खाली असेल तर एक-दोन स्टॉप उघडा. कॅननवर 'ब्राइट' मोड. निकॉनच्या जुन्या बॉडीवर ऑटो गेन बंद, नाहीतर दोन्ही चित्रांचा उजेड अर्धा-अर्धा होतो. दिशेसाठी फोटोपिल्स हे ॲप आहेच.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: चतुर्दशीला चंद्र साधारणपणे सूर्यास्ताच्या आधीच उगवतो. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ डोंगर आणि चंद्र एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात, आजच्या सेन्सरवर तर आरामात. स्पर्धेला पाठवायचा असेल तर चतुर्दशीलाच जा. घरच्या भिंतीसाठी असेल तर शटर हवं तितक्या वेळा दाबा.