विमानाचा रेडिओ हवेतच बंद पडला तर पायलट उतरतात कसे?

तुम्ही विचारलंय की एटीसीशी, म्हणजे विमानांना जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरशी, बोलणंच तुटलं तर उतरायची परवानगी देतं कोण. माझ्या बाबतीत हे घडलंय, तेही एकटी उडवत असताना, म्हणून लिहितेय.

शिकाऊ पायलट होते. सेस्ना 152, दोनच सीटचं विमान. परतताना 10 मैलांवरून टॉवरला कॉल दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नुसती इंजिनाची घरघर. आवाजाचं बटण फिरवलं, फ्रिक्वेन्सी तपासली, मग ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) 7600 लावला. रेडिओ गेला हे सांगणारा हा आकडा जगभर एकच आहे. 7500 म्हणजे अपहरण, त्यामुळे जुन्या खुंट्या फिरवताना मधेच तो लागू नये म्हणून आधी यंत्र स्टँडबायवर टाकतात, म्हणजे तेवढ्यापुरतं ते काही पाठवत नाही. नाहीतर खाली धावपळ उडायची.

पुढचा नियम ऐकायला विचित्र वाटतो: उत्तर येत नसलं तरी बोलत राहायचं. ब्लाइंड ट्रान्समिशन म्हणतात त्याला. कुठे आहे, किती उंचीवर आहे, आता काय करणार, सगळं सांगायचं. मी सांगत होते, पण खरं सांगायचं तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं. स्वतःचा आवाजही कानात येत नव्हता.

सर्किटच्या (उतरण्याआधी विमानतळाभोवती मारायची ठरावीक फेरी) उंचीच्या वरूनच विमानतळ ओलांडला, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पाहिला, दुसरं कोणी उतरत नाही ना याची खात्री केली आणि डाउनविंडला, म्हणजे फेरीच्या धावपट्टीला समांतर बाजूला, लागले. नजर टॉवरच्या काचेवर. टॉवरमध्ये नेम धरून सोडायचा एक दिवा असतो. विमान हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे इथे धोका आहे, उतरू नकोस. भर दुपारच्या उन्हात मला ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. पंख डावी-उजवीकडे डोलवले, म्हणजे 'दिसला'. रात्र असती तर लँडिंग लाइट दोनदा लावून विझवायचा.

उतरल्यावर कळलं, रेडिओ ठणठणीत होता! हेडसेटला दोन पिना असतात, एक माइकची, एक ऐकायची. ऐकायची पिन गुडघा लागून अर्धी बाहेर आली होती. म्हणजे टॉवर माझा शब्द न् शब्द ऐकत होता, बोलायचं बटण दाबून धरलेलं असताना पुटपुटलेला गणपतीचा धावासुद्धा. मला उडवायला शिकवणाऱ्या सरांनी शांतपणे रेडिओवरच्या छोट्या 'टी' अक्षराकडे बोट दाखवलं. बोलताना ते लागत असेल तर आपलं बोलणं बाहेर जातंय. मी तिकडे बघितलंच नव्हतं.

मोठ्या जेटमध्ये सहसा तीन व्हीएचएफ संच (नेहमीचे रेडिओ) असतात, समुद्रावर एचएफ (लांब पल्ल्याचा रेडिओ), शिवाय डेटालिंकवरून टाइप केलेले निरोप. सगळं एकदम बंद पडणं फारच दुर्मिळ. तरी नियम आहेतच. ढगात इन्स्ट्रुमेंटवर उडत असाल तर शेवटी मिळालेली उंची आणि वेग ठरावीक वेळ तसाच ठेवायचा, रडारखाली 7 मिनिटं, रडार नसेल तर साधारणपणे 20. त्यानंतर फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलंय तसंच जायचं. खालचा कंट्रोलर हेच गृहीत धरून बाकीची विमानं बाजूला करत असतो, त्यामुळे इथे स्वतःची अक्कल चालवली की गोंधळ.

प्रत्यक्षात होतं काय, तर एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे जाताना फ्रिक्वेन्सी चुकते. म्हणून दुसऱ्या संचावर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकत राहायची असते. फेब्रुवारी 2017 मध्ये मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर संपर्क तुटला. जर्मन हवाई दलाने लढाऊ विमानं पाठवली, ती बाजूने उडतानाचा व्हिडिओ बराच फिरला होता. काही वेळाने संपर्क जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरलं.

बाय द वे, लढाऊ विमान एखाद्याला अडवतं तेव्हा तेही पुढे डाव्या बाजूला येऊन आधी पंखच डोलवतं. अर्थ: माझ्यामागे ये. आपणही पंख डोलवायचे आणि मुकाट्याने मागे जायचं.