नऊशे ओहमचा स्विच

मागच्या अंकात रिमोटच्या रबरी बटणांबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं सोलापूर आणि आसपासचीच आहेत. मी २७ वर्षं प्लास्टिकच्या वस्तूंच्या डाय, म्हणजे साचे बनवले, त्यातली ११ वर्षं फक्त कळा आणि बटणं यांच्यात गेली. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून या वेळी पाचच पत्रं घेते आणि त्यांना सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न: ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या शाळेसाठी देवनागरी कळफलक बनवतोय. तयार मेकॅनिकल स्विच परवडत नाहीत, म्हणून कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकची टिकली पीसीबीवरच्या (सर्किटच्या पाटीवरच्या) दोन पट्ट्यांवर टेकेल असा स्विच केला. मीटरवर ९०० ओहम येतात. सर म्हणाले, स्विच म्हणजे शून्य ओहम, हा चालणार नाही. सोडून देऊ का? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर: सोडू नकोस. सरांचं म्हणणं दिव्याच्या किंवा मोटरच्या स्विचला लागू पडतं. तिथे स्विचमधून करंट वाहतो, आणि रोध असला की तिथेच उष्णता होते. तुझ्या कळीला काहीच वाहून न्यायचं नाही. 'दाबली' एवढा निरोप चिपला मिळाला की तिचं काम झालं.

आकड्यांत बघू. तू अर्डुइनो उनो या प्रयोगाच्या छोट्या बोर्डवर चाचणी घेतोयस असं पत्रात आहे. त्यावरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या आतला पुल-अप, म्हणजे कळ सुटी असताना पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रोधक, २० ते ५० किलोओहम असतो. सर्वात वाईट धर, २० किलोओहम. तुझी ९०० ओहमची कळ दाबली की पिनवर ५ व्होल्टपैकी साधारण ०.२१ व्होल्ट उरतात. ही चिप १.५ व्होल्टच्या खालचं सगळं 'शून्य' मानते. म्हणजे कळीचा रोध साडेआठ किलोओहमपर्यंत गेला तरी निरोप पोचतो. तुझ्या हातात नऊपट जागा आहे.

पण इथेच थांबू नकोस. शाळेला द्यायचा कळफलक यूएसबीवर चालणार, त्यासाठी तू एटीमेगा ३२यू४ घेणार आहेस. तिची मर्यादा वेगळी आहे. ५ व्होल्टवर ०.९ व्होल्टच्या खाली गेलं तरच 'शून्य' ओळखण्याची खात्री तिचा डेटाशीट (बनवणाऱ्याचा माहितीचा कागद) देतो. त्यात तुझ्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत प्रत्येक कळीला करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक १एन४१४८ डायोड लागणार, नाहीतर तीन कळा एकदम दाबल्या की चौथं अक्षर आपोआप उमटेल. डायोडवर ०.७ व्होल्ट गेले असं धरलं तर कळीसाठी जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात, आणि हिशेब एक किलोओहमच्या आसपास येऊन थांबतो. तुझे ९०० अगदी कडेला आले. टेबलावर चालेल आणि शाळेत सहा महिन्यांनी एकेक कळ रुसायला लागेल.

यावर उपाय स्वस्त आहे. आतला पुल-अप बंद कर आणि प्रत्येक वाचायच्या ओळीला बाहेरून १०० किलोओहमचा रोधक लाव. करंट कमी झाला की डायोडवरचा व्होल्टही थोडा उतरतो, आणि कळ चार-पाच किलोओहमची झाली तरी चालते. फक्त एक ओळ सोडून दुसरी वाचण्याआधी काही मायक्रोसेकंद थांब, कारण मोठ्या रोधकातून ओळ पुन्हा वर चढायला वेळ लागतो. सरांना हे गणित कागदावर मांडून दाखव. त्यांनी प्रश्न योग्य विचारला होता. त्याचं उत्तर डेटाशीटमध्ये आहे.

आणि मीटरची टोकं प्लास्टिकवर टेकवून रोध मोजू नकोस. त्या टोकाखाली सुईएवढीच जागा टेकते, आकडा भलताच येतो. टिकली खऱ्या पट्ट्यांवर ठेव, वर ५० ग्रॅमचं वजन ठेव आणि पट्ट्यांच्या दोन टोकांना मोज. वजन ५० ग्रॅमच का, तर साध्या कळफलकावर बोट साधारण तेवढाच जोर देतं. पट्ट्याही दोन सरळ रेघा न काढता दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घातल्यासारख्या काढ, दातांत पाव मिलिमीटर फट ठेव. करंटला टिकलीत फार लांब जावं लागत नाही आणि रोध एकदम उतरतो.

प्रश्न: आमचं चिंचोळी एमआयडीसीत छोटं मोल्डिंग युनिट आहे. कार्बन भरलेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे संपर्क डायमध्ये मारून बघितले. तुकडा मोडून आत मोजला तर वीज छान वाहते, बाहेरच्या तोंडावर मात्र वाहतच नाही. माल देणारा म्हणतो मशीनचा दोष, ऑपरेटर म्हणतो मालाचा.

उत्तर: तुमचं पत्र वाचून माझा पहिला लॉट आठवला. आतून २०० ओहम आणि बाहेरून तीस-चाळीस किलोओहम. आठवडाभर आम्ही पुरवठादाराशी भांडत बसलो, आणि चूक आमच्या सेटिंगची होती.

आधी माल कसा वाहतो ते बघा. प्लास्टिक स्वतः वाहत नाही. स्वतः वीज वाहणारी प्लास्टिकं वेगळी. त्यांच्या शोधासाठी हीगर, मॅकडिआर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या मालात साधं प्लास्टिक आणि त्यात काजळीचे, म्हणजे कार्बन ब्लॅकचे बारीक कण असतात. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे नारळ हातोहात पोचवायचा आहे असं समजा. सकाळी तुरळक माणसं असतात, नारळ कुठेतरी अडकतोच. गर्दी हळूहळू वाढते तरी बराच वेळ तो पोचत नाही. मग एका क्षणी खांद्याला खांदा लागतो आणि नारळ सरळ पलीकडे जातो. कार्बनचंही तसंच. प्रमाण एका हद्दीच्या खाली असलं की माल जवळजवळ वाहत नाही, आणि हद्द ओलांडली की रोध हजारो पटींनी कोसळतो.

तुमच्या तुकड्यात आत गर्दी आहे आणि कातडीपाशी ती विरळ झाली आहे. थंड डायच्या भिंतीला गरम माल जोरात घासत गेला की तिथे कणांची साखळी तुटते, आणि पृष्ठभागावर नुसत्या प्लास्टिकचा पातळ थर गोठतो. म्हणून डाय आणखी गरम ठेवा, इंजेक्शनचा वेग कमी करा, गेट, म्हणजे माल डायमध्ये शिरतो ती जागा, संपर्काच्या तोंडापासून लांब न्या. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ वाढेल, तो वाढू द्या. माल आधी नीट वाळवा, कार्बनचा माल ओल धरतो. रनरचा, म्हणजे डायमधल्या वाटेत उरलेला माल दळून परत मिसळायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी मशीनच्या स्क्रूमधून गेलं की साखळी आणखी मोडते, आणि एका लॉटमधल्या दोन कळा एकसारख्या राहत नाहीत. आम्ही शेवटी डायमध्ये संपर्काचं तोंड चकचकीत न ठेवता खरबरीत केलं, आणि निघालेल्या तुकड्यांच्या त्या तोंडावर बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवायची पद्धत ठेवली. तो कातडीचा थर गेला की तुकडा आतून मोजल्यासारखाच वाहायला लागला.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण डाय कापण्याआधी सांगायलाच हवी. पैसे वाचवण्यासाठी वाहक प्लास्टिकचीच पातळ जीभ काढून तिलाच स्प्रिंग बनवायची कल्पना प्रत्येकाला सुचते. मलाही सुचली होती. एकच तुकडा, धातू नाही, जोडणी नाही, कागदावर फार सुंदर दिसते. त्या कळा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे दोन महिने ठेवल्या. बाहेर ४३ अंश, आत त्याहून जास्त. जूनमध्ये निम्म्या जिभा थोड्याशा वाकून तशाच राहिल्या होत्या आणि संपर्क लागत नव्हता. प्लास्टिक सतत ताणाखाली ठेवलं की सैल पडतं, उन्हाळ्यात अधिकच. कार्बन भरल्यावर ते ठिसूळही होतं. म्हणून जोर स्टीलच्या स्प्रिंगने किंवा सिलिकॉनच्या घुमटाने द्यायचा, आणि वाहक प्लास्टिकने फक्त टेकायचं. दोन कामं दोन वस्तूंना दिल्यापासून माझ्या कळा टिकायला लागल्या. उष्णतेने प्लास्टिक फुगतं, कण थोडे लांब सरकतात आणि रोध वाढतो. वरच्या पत्रातलं गणित नीट केलेलं असेल तर तेवढी वाढ खपून जाते.

प्रश्न: अक्कलकोट रोडला आमचे यंत्रमाग आहेत. मागांच्या कंट्रोल पॅनेलची बटणं तीन-चार महिन्यांत मरतात. सगळी धातूच्या संपर्काची करून घेऊ का?

उत्तर: धातूने तुमचा प्रश्न सुटणार नाही. टॉवेलच्या मागाजवळ हवेत सुताचे तंतू उडत असतात, ते बटणाच्या कडेने आत शिरतात. दोन संपर्कांच्या मध्ये एक तंतू आला की सोनंही काम करत नाही. सोन्याचा मुलामा नसेल तर धातूवर ऑक्साइड आणि सल्फाइडचा थर चढतो, आणि इतक्या बारीक करंटला तो थर तोडता येत नाही. कार्बन गंजत नाही, स्वस्तही आहे. म्हणून संपर्क कार्बनचेच ठेवा, पण वर सिलिकॉनची एकसंध चादर घ्या, सुटी बटणं नकोत. चादरीच्या कडा चारी बाजूंनी दाबून बसवायच्या.

हे करताना बरेचजण एक चूक करतात. चादरीतला प्रत्येक बटणाचा घुमट पूर्ण बंद केला तर आतली हवा बाहेर जाऊ शकत नाही. बटण कडक लागतं, आणि दाबून सोडलं की कधी कधी वर येत नाही. चादरीच्या खालच्या बाजूला एका घुमटातून दुसऱ्यात जाणाऱ्या बारीक खाचा असाव्यात, हवा आतल्या आत फिरावी. पॅनेल बनवणाऱ्याला हे आवर्जून विचारा. आणि संध्याकाळी माग साफ करताना कॉम्प्रेसरची हवा पॅनेलवर मारू नका. ती तंतू आणखी आत ढकलते. ओलसर फडका पुरतो.

प्रश्न: टीव्हीच्या रिमोटचं बटण चालेना, म्हणून त्याच्या काळ्या टिकलीवर चॉकलेटची चांदी चिकटवली. महिनाभर चाललं, मग बंद. का? (बार्शी)

उत्तर: ती चांदी म्हणजे ॲल्युमिनियम. त्यावर न वाहणारा ऑक्साइड असतो, आणि पातळ पत्रा दर दाबण्याला चुरगळत फाटतो. शिवाय तुमच्या टिकलीत बहुधा दोष नव्हताच. सिलिकॉन रबरातून तेलकट अंश झिरपतो आणि पट्ट्यांवर त्याची साय धरते, बोट फिरवलं तर चिकट लागते. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी आणि टिकली दोन्ही पुसा, वाळू द्या. पट्टीला पॉलिश पेपर लावू नका, तिच्यावरचा काळा थर तोच संपर्क आहे. टिकली खरंच झिजली असेल तर ग्राफाइटचं वाहक पेंट मिळतं, त्याचा एक पातळ हात पुरे.

प्रश्न: मी टायपिंग शिकवते. मुलं इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवर मराठी शिकतात. तीन कळफलकांवर हलन्त आणि काना कधी दोनदा उमटतात, कधी उमटतच नाहीत. मुलांचा वेग बसत नाही आणि ती स्वतःलाच दोष देतात. रबर बदलून घेऊ का?

उत्तर: मुलांना आधी सांगा की दोष त्यांच्या बोटांचा नाही. इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त डीच्या कळीवर आहे आणि काना ईच्या. मराठीत बहुतेक जोडाक्षरांना हलन्त लागतो, काना तर पुष्कळ शब्दांत येतो. साहजिकच या दोन कळा आधी थकतात.

रबर बदलून उपयोग होणार नाही. तुमच्या तयार कळफलकांत रबराचा घुमट फक्त जोर देतो. संपर्क त्याच्या खाली, पॉलिएस्टरच्या तीन पातळ पत्र्यांत असतो. वरच्या आणि खालच्या पत्र्यावर चांदीच्या शाईच्या रेघा आणि त्यावर कार्बनचे ठिपके, मधल्या पत्र्याला भोकं. १९८१ च्या झेडएक्स ८१ या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरचा कळफलकही अशाच पत्र्यांचा होता. पत्र्यांत ओल किंवा चहा शिरला, किंवा ठिपके झिजले, की रोध एकदम न उतरता उंबरठ्यावर रेंगाळतो. चिप त्याच एका दाबण्यात 'लागलं, सुटलं, लागलं' वाचते आणि अक्षर दोनदा उमटतं. जोर कमी पडला तर उमटतच नाही.

मागचे स्क्रू काढून पत्रे बाहेर येत असतील तर वेगळे करून अल्कोहोलने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेत तर पत्रे वळतील. प्लास्टिकच्या खुंट्या वितळवून ते पक्के बसवलेले असतील तर उघडू नका, परत तसे बसत नाहीत.

वरच्या विजापूर रोडच्या मुलालाही हे उपयोगी पडेल. कळ दाबली गेली हे ५ मिलिसेकंद स्थिर दिसल्यावर मान्य कर, आणि सुटली हे २० मिलिसेकंद स्थिर दिसल्यावरच. मिनिटाला ४० शब्दांच्या वेगाने टाइप करणाऱ्याच्याही दोन कळांमध्ये सरासरी ३०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे त्याला हा उशीर जाणवणार नाही आणि दुहेरी अक्षरं बंद होतील.

बाई, तुमच्या तीन कळफलकांपैकी सर्वात जुना आधी उघडा. डीच्या कळीखालच्या ठिपक्याचा आणि कुठल्याही कमी वापराच्या कळीखालच्या ठिपक्याचा फोटो शेजारी शेजारी काढून मला पाठवा. काळा ठिपका जाऊन खालची चांदी दिसत असेल तर पुसून उपयोग नाही, तो कळफलक बदलावा लागेल.