डार्कवूड हा गेम खरंच एवढा भीतीदायक आहे का? खेळणाऱ्यांची मतं इतकी टोकाची का?

विचारणाऱ्याने प्रश्नाखाली असंही लिहिलंय की, छतावरून खाली बघावं तसा, वरून दिसणारा साध्या चित्रांचा गेम माणसाला घाबरवेल कसा? कुणी म्हणतं रात्रीची झोप उडाली, कुणी म्हणतं तासाभरात कंटाळून काढून टाकला. मग पैसे घालावेत की नाही?

आधी थोडक्यात सांगतो. गेम भीतीदायक आहे, पण ती भीती पहिल्या अर्ध्या भागात जास्त आहे. आणि "झोप उडाली" म्हणणारे काय किंवा "कंटाळा आला" म्हणणारे काय, दोघंही खरंच बोलतात. या गेममध्ये बराच वेळ काहीच घडत नाही. तो वेळ तुम्हाला खातो की नुसता जातो, यावर तुमचं मत ठरतं.

आता जरा पसरून.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. आमच्या गावातले बहुतेक पोट्टे मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतात, लॅपटॉपवर खेळणारे आम्ही मोजकेच. डार्कवूड लावला तेव्हा मित्र पाहायला येऊन बसले आणि एकाने लगेच निकाल दिला, "अबे, हा त वरतून दिसते. याच्यात कायचं भेव?" हसू नका. ज्यांनी पुढे या गेमचं तोंडभरून कौतुक केलं, त्यातल्या कितीतरी जणांनी सुरुवातीला हीच शंका घेतली होती.

गेम पोलंडचा आहे. ॲसिड विझार्ड स्टुडिओ नावाच्या अगदी छोट्या चमूने २०१३ मध्ये इंडिगोगो या वेबसाइटवर लोकांकडून पैसे गोळा करून तो करायला घेतला. २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेत स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर आला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण झाला. काळ पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटीचा. जंगल वाढत वाढत रस्त्यांवर आलंय, गावं आत अडकलीत, बाहेर जायची वाट कुणाला सापडत नाही. आपला माणूसही अडकलेला. दिवसा जंगलात फिरायचं, फळ्या, खिळे, पेट्रोल, चिंध्या असं मिळेल ते गोळा करायचं. अंधार पडायच्या आत आसऱ्याच्या घरी परतायचं, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, कपाट सरकवून दार अडवायचं, सापळे लावायचे, जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं आणि सकाळची वाट बघायची. रात्री बाहेर राहिलात तर बहुधा मेलात.

वरून दिसण्याच्या शंकेचं उत्तर खेळायला लागल्यावर मिळतं. कॅमेरा वर आहे म्हणून सगळं दिसतं, असं नाही. आपला माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, तेवढ्याच पट्ट्यातलं जिवंत दिसतं. उरलेल्या भागात भिंती, झाडं, सामान अंधुक दिसतं, पण तिथे हलणारी वस्तू दिसत नाही. तुमच्या पाठीशी कुणी येऊन उभं राहिलं तरी पडद्यावर ती जागा रिकामीच असते. वळलात तर दिसेल. पण वळलात की ज्या दारावर नजर होती ते दार सुटतं. दोन दारांच्या खोलीत बसलेल्या माणसाची यात जी गोची होते, ती पात्राच्याच डोळ्यांतून बघत खेळायच्या गेममध्येही मला क्वचितच जाणवली. तिथे निदान पाठीमागचं दिसणार नाही हे आपण धरून चाललेलो असतो. इथे पाठीमागची खोली समोर दिसत असते, आणि तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

बाकीचं काम आवाजाचं. फळीचा कुरकुर आवाज, बाहेर वाळक्या पानांवरचं पाऊल, दारावर टकटक. हा गेम स्पीकरवर, पंखा फुल्ल करून खेळलात तर अर्धा गेम गेलाच. अचानक किंचाळी मारून दचकवायच्या युक्त्यांवर आमचा गेम उभा नाही, असं गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं, आणि बऱ्यापैकी पाळलंही. काही रात्री दार आपोआप उघडतं, काही रात्री दिवे लुकलुकतात, आणि काही रात्री चक्क काहीच होत नाही. त्या काहीच न होणाऱ्या रात्री सगळ्यात वाईट.

धान कापणीला आला की आमच्याकडे रानडुकरांसाठी जागल करतात. मचाणीवर बसलेल्या माणसाला टॉर्च जिकडे वळेल तेवढंच वावर दिसतं, बाकी सगळं कानावर. डुक्कर बांधीत घुसलं की मग भीती राहत नाही, आरडाओरड, डबे वाजवणं, धावपळ सुरू होते. जीव जातो तो त्याच्या आधीच्या वेळात, धुऱ्यावर काही सळसळलं की नुसतं वाटलं, या विचारात. डार्कवूडची रात्र अगदी अशी आहे. आमच्यात जो दरवर्षी जागलीला जातो, तो गेममधली रात्र सुरू झाली तसा पुढे सरकून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "लाइट बंद कर बे, त्याले आपण दिसून रायलो." त्याच वेळी बीजीएमआयवाला बाजूला चुळबुळ करत होता, "आता मारू कोणाले?" एकच पडदा, एकच रात्र. एकाला घाम फुटला, दुसऱ्याने मोबाइल काढला. इंटरनेटवर जी टोकाची मतं दिसतात ती मला या दोघांचीच वाटतात, फक्त लाखोंच्या संख्येत.

म्हणून काय, न आवडणाऱ्यांना गेम कळला नाही असं मी म्हणणार नाही. चाहते हे फार लवकर म्हणतात. तक्रारींपैकी काही अगदी रास्त आहेत.

पहिली मारामारीची. खिळे ठोकलेली फळी, फावडं, कुऱ्हाड अशी हत्यारं. ती उगारायला वेळ लागतो, दम संपतो, हत्यार झिजून मोडतं. चाहते सांगतात की मुद्दाम तसं केलंय, सामान्य माणूस लढणार तरी कसा. पटतं. पण अरुंद खोलीत दोन जण अंगावर आले की हात अवघडल्यासारखा वाटतो, आणि आपण कमी पडलो की गेमची बांधणी कमी पडली हे कळत नाही. ती चीड भीतीपेक्षा वेगळी असते. दुसरी तक्रार पिशवीची. जागा कमी, सामान फार, घरी येऊन पेटीत टाका, परत जा. हवं तिथे सेव्ह करता येत नाही, गेम स्वतःच्या मर्जीने सेव्ह करतो. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच उरलीय, त्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच टोचतो. नकाशा आहे, पण तुम्ही नेमके कुठे आहात ते तो सतत दाखवत बसत नाही. यावर लोक चिडतात, मला मात्र तेच आवडलं. जळलेलं झाड, मोडकी गाडी, कुंपण, अशा खुणा लक्षात ठेवत चालायचं. जंगलात चालायची रीत तीच आहे.

सगळ्यात खरी तक्रार जुन्या खेळाडूंची आहे: भीती टिकत नाही. कोणता कोपरा धरायचा, कोणतं दार अडवायचं, किती पेट्रोल लागेल, हे अंगवळणी पडलं की रात्र म्हणजे उरकायचं काम होतं. रात्र काढली की सकाळी दाराशी येणाऱ्या व्यापाऱ्याकडे आपली पत वाढते आणि तिच्यावर सामान घेता येतं. सुरुवातीला हा केवढा दिलासा असतो! पुढे ती पत वाढवण्यासाठीच रात्री मोजल्या जातात. दुसऱ्या भागात दलदलीचा प्रदेश येतो, तिथे तर मला स्वतःला पाय ओढत चालल्यासारखं झालं.

मग तिथून पुढे गेम का सोडवत नाही? माणसांमुळे. लांडग्याचं डोकं असलेला एक जण आहे, व्हायोलिनवाला एक पोरगा आहे, गावात कोंबड्यांत रमलेली एक बाई आहे, रॉकेट बांधून इथून निघून जायचा ध्यास घेतलेला एक आहे. कुणाचं काम करायचं, कुणाला दगा द्यायचा हे आपण ठरवतो, आणि त्याचे परिणाम बऱ्याच उशिरा समोर येतात. कोण चांगला, कोण वाईट हे गेम सांगत नाही. ज्यांना भयकथा बिलकुल सोसत नाहीत असे खेळाडूही याबद्दल भरभरून लिहितात, आणि माझ्या मते डार्कवूडचं खरं मोठेपण इथे आहे. रात्रींची कीर्ती जरा जास्तच झालीय. शेवटाबद्दल काही सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवट आला असं वाटलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

अडचण एक आहे, हे सगळं इंग्रजी मजकुरातून येतं. संवाद वाचावे लागतात, आवाजात कुणी बोलून दाखवत नाही. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर अर्धी गोष्ट हातून निसटेल आणि उरेल ती फळ्या ठोकण्याची मजुरी.

आता मतं वाचायची कशी, ते सांगतो, कारण प्रश्नाचा रोख तिकडेच आहे. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूवर तो माणूस किती तास खेळला ते लिहिलेलं असतं. आधी तो आकडा बघा, मग मजकूर. स्टीमवर परतावा मिळतो तो घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. त्यामुळे ज्याला आवडत नाही तो दोन तासांच्या आत उठतो आणि तेवढ्यावर लिहून मोकळा होतो. पण त्या दोन तासांत सुरुवातीचा शिकवणीचा भाग संपून जेमतेम पहिली-दुसरी रात्र होते. त्यांनी लिहिलेलं "हळू आहे" हे बरोबरच असतं, "गोष्ट नाही" हे बरोबर नसतं. उलट बाजूला, शंभर तास खेळलेला माणूस "आता भीती वाटत नाही" लिहितो, तेही तुमच्या कामाचं नाही.

पगारी समीक्षकांचंही असं होतं. एलियन: आयसोलेशन हा दुसरा भीतीदायक गेम २०१४ मध्ये आला तेव्हा गेमची परीक्षणं छापणाऱ्या आयजीएन या साइटने त्याला दहापैकी ५.९ दिले होते. लांबण, पुन्हापुन्हा मरणं, हव्या तिथे सेव्ह न करता येणं, हीच रड. आज भयखेळांची नावं निघाली की तो हमखास पुढे असतो. थांबायला लावणाऱ्या गेमचा निकाल घाईत लावणं अवघड जातं, मग तो लावणारा पगारी असो की फुकटचा.

पैशांबद्दल. हा गेम पूर्ण झाला त्याच ऑगस्टमध्ये तो बनवणाऱ्यांनी स्वतःच फुकट उतरवून घेण्यासाठी टोरंटवर टाकला होता, कॉपी रोखणारं कुठलंही कुलूप न लावता. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने खेळावा, आवडला आणि पुढे जमलं तर सेलमध्ये विकत घ्यावा, फक्त चोरबाजारात कोड विकणाऱ्या साइटवाल्यांना पैसे देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे गेम अजूनही पेनड्राइव्हवरून फिरतात, त्यामुळे ही गोष्ट ऐकून पोट्टे आधी हसले, मग गप्प झाले. मी सेलमध्ये घेतला. सेलला तो बराच उतरतो.

तुम्ही घ्यावा का? लपणं, ऐकणं, थांबणं यात तुम्हाला रस असेल तर डोळे मिटून घ्या. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. हातात बंदूक आणि समोर शत्रू हवा असेल तर सरळ सोडून द्या, यात कमीपणा काही नाही. ठरत नसेल तर एखाद्या रविवारी मोकळा वेळ बघून सुरू करा, मध्ये उठू नका, म्हणजे परताव्याची मुदत संपायच्या आत पहिली रात्र पूर्ण खेळून होईल. साधी पातळी निवडा. तिच्यात मेलात तर जवळचं काही सामान तिथेच पडतं आणि तुम्ही घरी जागे होता. त्यावरच्या पातळीत जीव मोजके आणि सगळ्यात अवघडमध्ये एकच, त्या नादी पहिल्या खेपेला लागू नका. हेडफोन लावा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका.