कैद्याच्या हातचे वादपत्र

प्रश्न : तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, हे आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेतील कैदीही वकिलाशिवाय फेडरल न्यायालयात नागरी हक्कांचे दावे लावतात असे वाचले. तेथे साधे पत्र पुरते काय? आणि असे अनेक दावे सुनावणीपूर्वीच का निकाली निघतात?
— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा

उत्तर : पत्र पुरत नाही, मात्र हाताने लिहिलेले वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ अर्ज, चालते. बत्रा प्रकरणात न्यायालयाने आपला रिट अधिकार वापरला होता. अमेरिकेतील कैदी मात्र रीतसर दिवाणी दावा लावतो, त्यात तो स्वतः वादी असतो आणि ज्यांच्या कृतीबद्दल तक्रार आहे ते अधिकारी नावानिशी प्रतिवादी असतात. मागणी नुकसानभरपाईची किंवा मनाई हुकुमाची असते. राज्यांच्या तुरुंगांतील कैदी ज्या ‘कलम १९८३’चा आधार घेतात, त्यातील आकडा सालाचा नव्हे, हे सांगितलेले बरे. मूळ कायदा १८७१ चा, यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या अत्याचारांना आवर घालण्यासाठी केलेला. त्याचा लाभ कैद्यालाही मिळू शकतो हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये, धार्मिक प्रकाशने नाकारल्या गेलेल्या इलिनॉयमधील एका मुस्लिम कैद्याच्या दाव्यात मान्य केले. शिक्षाच चुकीची आहे असे म्हणायचे असेल, तर त्यासाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैदेच्या वैधतेलाच आव्हान देणाऱ्या अर्जाचा, वेगळा मार्ग आहे.

सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९६३ च्या गिडियन निकालाने दिला तो फौजदारी आरोपींना. दिवाणी दाव्यात न्यायाधीश एखाद्या वकिलाला विनंती करू शकतात, सक्ती नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९७२ च्या हेन्स निकालात न्यायालयाने सांगितले की, सामान्य माणसाने लिहिलेल्या वादपत्राला वकिलाच्या मसुद्याची कसोटी लावू नये. ही सवलत खरी आहे, परंतु ती मजकूर वाचण्यापुरती आहे, मजकूर सिद्ध करण्यापुरती नाही, हे टेक्सासमधील जे. डब्ल्यू. गॅम्बल यांच्या दाव्यावरून दिसते. ९ नोव्हेंबर १९७३ रोजी तुरुंगातील कामावर असताना कापसाची गाठ अंगावर पडून त्यांच्या पाठीला दुखापत झाली, आणि योग्य उपचार मिळत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने वादपत्र लिहून दाखल केले. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणे म्हणजे घटनेने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षाच होय, हे तत्त्व १९७६ मध्ये या दाव्यातून निघाले आणि आज तुरुंगातील वैद्यकीय उपचारांविषयीचा जवळजवळ प्रत्येक दावा त्यावर उभा असतो. खुद्द गॅम्बल यांचा डॉक्टरवरील दावा मात्र टिकला नाही, कारण तीन महिन्यांत त्यांची सतरा वेळा तपासणी झाली होती आणि क्ष-किरण छायाचित्र न काढणे हा फार तर वैद्यकीय हलगर्जीपणा ठरतो, असे न्यायालयाचे मत पडले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, कैद्यांच्या दाव्यांना लगाम घालणारा कायदा केला. तेव्हापासून निर्धन कैद्यालाही ३५० डॉलरची दाखल फी चुकत नाही. ती त्याच्या तुरुंगातील खात्यात जमा होणाऱ्या रकमेतून, दरमहा २० टक्के या हिशेबाने, वळती होत राहते. खात्यात काहीच नसेल तर तेवढ्यावरून दावा अडवता येत नाही. निरर्थक किंवा कायद्याने न टिकणारे म्हणून तीन दावे फेटाळले गेले, की पुढे पूर्ण फी आधी भरावी लागते. जिवावर बेतणारा किंवा गंभीर इजेचा तातडीचा धोका असेल तरच अपवाद.

सर्वांत जाचक अट आहे ती तुरुंगातील तक्रार निवारणाची. न्यायालयात येण्यापूर्वी कैद्याने तुरुंगाच्या आतली तक्रार, तिच्यावरचे अपील, असे सर्व टप्पे पार केलेले असावे लागतात, आणि २००६ च्या वुडफर्ड निकालानंतर तेही मुदतीतच. कॅलिफोर्नियातील त्या प्रकरणात मुदत होती कामकाजाच्या पंधरा दिवसांची. म्हणजे बोलीभाषेतील चुका माफ होतात, तारखेची चूक होत नाही. आणि तारखा ठरवणारे नियम तेच खाते करते, ज्याच्या अधिकाऱ्यांवर दावा लावायचा असतो! मला हे न्याय्य वाटत नाही. न्यायालयालाही यातील अडचण अगदीच दिसलेली नाही असे नाही : प्रत्यक्षात उपलब्धच नसलेला मार्ग संपवण्याची सक्ती नाही, असे २०१६ मध्ये ठरले, आणि अधिकाऱ्याने तक्रारीचे अर्जच नष्ट केले, असा आरोप करणाऱ्या मिशिगनमधील कैद्याच्या प्रकरणात, तो वाद मूळ दाव्याच्या मुद्द्याशी गुंतलेला असल्यास त्याचा निर्णय ज्यूरीने (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने) करावा, असा निकाल २०२५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला.

स्वहस्ते लढणारे जिंकतात का, हा आपल्या प्रश्नामागचा प्रश्न असावा. आर्कान्सासमधील ग्रेगरी होल्ट या मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. त्यांनी हाताने लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेतला आणि २०१५ मध्ये नऊही न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने कौल दिला. मात्र तोंडी युक्तिवादाच्या वेळी न्यायासनासमोर उभे होते ते डग्लस लेकॉक, कायद्याचे प्राध्यापक.