मे महिन्यात पुण्याजवळ मुलांना घेऊन पक्षी-कीटक बघायला जावं, की हिवाळ्याची वाट पाहावी?

तुम्ही लिहिलंय की मुलं आठ-दहा वर्षांची आहेत, सुट्टी संपत आलीय आणि टेकड्या पार करपलेल्या दिसतात, मग आत्ता जाऊन काही दिसेल का? दिसेल. हिवाळ्याची वाट पाहू नका.

हिवाळ्यात भिगवणला रोहित (फ्लेमिंगो), कवडीपाटला चक्रवाक बदकं येतात आणि त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, म्हणून तोच एक हंगाम असं वाटायला लागतं. पण ती मंडळी इथं पोट भरायला येतात आणि निघून जातात. इथल्या बऱ्याच पक्ष्यांचे संसार उन्हाळ्यातच चालू असतात. गाणं, घरटं, पिल्लांना भरवणं हे मुलांना आत्ता बघायला मिळेल. आणि पिल्लांच्या चोचीत जातं ते बहुतेक वेळा अळ्या नि किडेच, अगदी मधावर जगणाऱ्या शिंजीराच्या पिल्लांनाही. म्हणून माझं सांगणं असं, की पक्षी शोधत लांबवर चालू नका. किडे कुठे आहेत ते बघा आणि तिथं थांबा.

सुरुवात रुईच्या झुडपापासून करा. त्याला जंगल लागत नाही. दिवे घाटाच्या वाटेवर, टेकडीच्या पायथ्याला, पडीक प्लॉटवर, भर उन्हात हिरवी दिसते ती रुई. पानाच्या मागच्या बाजूला वाकून बघा. देठ मोडू नका, चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती बहुधा प्लेन टायगर फुलपाखराची. रुईचं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत आणि ती एवढे भडक रंग घेऊन उघड्यावर बसू शकते. तिचं नारिंगी फुलपाखरूही तसंच निवांत, संथ उडतं. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे चिमुकले किडे, असतो, तो खायला चित्रांग भुंगेरे (लेडीबर्ड) येतात, त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्यांची रांग लागते. फुलांवर मोठा काळा-निळा भुंगा घोंगावत असतो. मध्येच शिंजीराचा नर येतो, उन्हात त्याचा निळा-जांभळा रंग लखलखतो. एका झुडपापाशी अर्धा तास सहज जातो, आणि मुलं मोठ्यांपेक्षा जास्त टिपतात.

तिथून फळलेला उंबर गाठा. ओढ्याकाठी, गावाच्या वेशीवर मिळेलच. उंबराचं फळ म्हणजे आतल्या बाजूला फुललेली असंख्य फुलं. चिलटाएवढी एक माशी, गांधीलमाशीच्याच गणातली, टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही. खाली पडलेलं फळ फोडून मुलांना दाखवा. गावाकडे उंबर फोडून, फुंकून खातात ते याचसाठी. वर फांद्यांत तांबट टुक्‌ टुक्‌ करत असतो; ऐन दुपारी सगळे गप्प झाले तरी त्याचं चालूच असतं. पिवळ्या पायांचा हरियाल, आपला राज्यपक्षी, पानांत असा मिसळून जातो की उडाल्यावरच कळतं तिथं थवा होता. राखी धनेश दिसला तर भाग्य. त्याची मादी या दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. फळं घेऊन तो पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जाताना दिसला तर मागे जाऊ नका. ढोलीपाशी माणसं घुटमळली की तो यायला बिचकतो, आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. याबाबतीत मी मुलांशीही कडक बोलते.

सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत ओढ्याची डबकी उरलेली असतात. तिथं पाण्यापासून लांब, सावलीत बसून राहायचं. ओल्या चिखलावर फुलपाखरं क्षार शोषत बसतात, आणि नशीब असेल तर निलवंतही येतो, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं. स्वर्गीय नर्तक, कस्तूर, माशीमार पाण्यावर येतात. मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. विणीच्या काळात पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावत येतो.

उघड्या माळाची गोष्ट वेगळी. सासवडच्या पुढचे माळ किंवा सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण तिथं चिंकारा आहेत. टिटवीची अंडी अशा जमिनीवर खड्यांत खडे होऊन पडलेली असतात, साधारणपणे चार. उन्हं तापली की ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर जागच्या जागी थांबा, पायाखाली बघा आणि आल्या वाटेनं मागे फिरा. चंडोलही जमिनीवरच घरटं करतात, म्हणून माळावर पायवाट सोडायची नाही. गवत पेटवलं की ही सगळी घरटी आणि किडे एका दुपारी संपतात. वणवा दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर लगेच कळवा.

बाकीचं थोडक्यात. सहाला चालायला लागा, नऊला परत फिरा. पाणी भरपूर, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, ८×४० ची दुर्बीण असेल तर उत्तम. ‘मर्लिन’ अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं, मोफत आहे, पण त्याचं शेवटचं मानू नका. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथं अत्तर, धूर, दगडफेक, आरडाओरडा काही नको. देवळाच्या ओट्याखालच्या भुसभुशीत मातीत छोटे फनेलसारखे खड्डे दिसले तर मुलांना तिथं बसवा. प्रत्येकाच्या तळाशी मुंगीसिंहाची अळी दबा धरून असते आणि मुंगी घसरली की वाळू उडवून तिला खाली पाडते.

मेअखेरीस जायला जमलं तर आणखी चांगलं. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणत असतो, पावसाच्या पुढे चातक येतात, नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते, भीमाशंकर-राजमाचीकडे काजवे सुरू होतात. तिथं बॅटरी आणि गाडीचे दिवे बंद ठेवा, कारण त्यांचा जोडीदार शोधण्याचा सगळा संवाद उजेडावरच चालतो. पण पहिल्या खेपेला मुलांना पुण्यातल्याच तळजाई टेकडीवर न्या. सुपं लांब पडतं, सावलीही नाही. ते पहिल्या पावसानंतर करा.