आयसीयूतला मॉनिटर रात्रभर वाजतो, तरी कुणी धावत का येत नाही?

तुमचे वडील मिरजेत आयसीयूत आहेत. मॉनिटर वाजतो, सिस्टर लांबूनच नजर टाकतात आणि ‘वर कंट्रोल रूममधून लक्ष असतं’ म्हणतात. भरवसा ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. सांगली-मिरजेत मी बारा वर्षं सिस्टर आहे, त्यातली चार अशाच खोलीत स्क्रीनसमोर काढली. भरवसा ठेवा, पण एक गोष्ट विचारून घ्या. ती शेवटी सांगते.

आधी आवाजाचं. बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा आणि त्याच हाताला बीपीचा पट्टा असेल, तर पट्टा फुगला की बोटातलं रक्त थांबतं आणि मॉनिटर ओरडतो. पेशंटला काहीही झालेलं नसतं. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या छातीवरच्या पट्ट्या घामानं सुटतात, तरी तो ओरडतो. एकदा आजोबांना बरं वाटावं म्हणून घरच्यांनी छातीला तेल चोळलं आणि रात्रभर एकही पट्टी चिकटेना. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २०१३ साली रुग्णालयांना याबद्दल सावध केलं, तेव्हा शंभरातले ८५ ते ९९ अलार्म काही करण्याची गरज नसलेले असतात, असं म्हटलं होतं. खरा धोका इथंच आहे. सारखं ऐकून कान मरतात, मग खराही अलार्म त्यातलाच वाटतो.

वरच्या खोलीचं काम हेच, खोटे अलार्म चाळायचे आणि खऱ्यासाठी खाली फोन करायचा. पिवळा असेल तर बघा, लाल असेल तर धावा. पण वर बसलेली बाई पेशंटला हात लावू शकत नाही.

एका रात्री सात नंबरच्या बेडची रेघ सरळ झाली, स्क्रीनवर खाली ‘लीड सुटली’, म्हणजे छातीवरची वायर निघाली, असं लिहून आलं. मी फोन लावला. वाजत राहिला. खाली दोघीच सिस्टर होत्या आणि दोघीही नवीन आलेल्या पेशंटपाशी अडकलेल्या. पुन्हा लावला. शेवटी मावशींनी उचलला आणि त्या बघायला गेल्या, तर त्या बेडवरचे बाबा वायरी काढून स्वतःच बाथरूमला गेले होते आणि दारात पडले होते. डोक्याला सहा टाके पडले. वाचले. पण ती सरळ रेघ मला अजून दिसते. मशीन चालू होतं, मी जागी होते, फक्त फोन उचलायला माणूस नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे दुसरा नंबर ठरला: पहिला उचलला नाही तर लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांचा मोबाईल.

तुम्ही स्वतः आवाज बंद करायचं बटण दाबू नका. पट्टी सुटलेली दिसली, तर सिस्टरना सांगा.

आणि आज रात्रपाळीच्या सिस्टरना एवढंच विचारा: वरून फोन आला तर इथं कोण उचलतं, आणि ते गुंतलेले असतील तर कोण? दोन्ही नावं पटकन सांगितली, तर घरी जाऊन चार तास झोपा.