फिजीचे सैनिक परमुलखात का जातात?

प्रश्न : माझे थोरले बंधू २००० साली दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीबरोबर होते. तिथल्या फिजीच्या सैनिकांविषयी ते आजही फार आपुलकीने बोलतात. एवढासा देश इतक्या दूर सैनिक कशासाठी पाठवतो? निव्वळ पैशासाठी का? आणि त्याची झळ कोणाला बसते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या सातारा जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशही माणसे नसलेला, प्रशांत महासागरातल्या बेटांचा हा देश १९७० साली स्वतंत्र झाला आणि अवघ्या आठ वर्षांत, म्हणजे जून १९७८मध्ये, त्याची पलटण लेबनॉनमध्ये उतरली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इस्राएलने दक्षिण लेबनॉनमध्ये सैन्य घुसवले होते आणि सुरक्षा परिषदेने तिथे शांतिसेना पाठवण्याचा ठराव केला होता. पंतप्रधान रातू सर कामिसेसे मारा यांच्या सरकारने त्या हाकेला ओ दिली, ती मुख्यतः जगाच्या दरबारात आपल्या नवजात देशाची ओळख व्हावी म्हणून, असे मला वाटते. सैनिकी परंपरा तर आधीपासूनच होती. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांच्या परिसरात आणि पुढे १९५०च्या दशकात मलायात फिजीचे लोक ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते.

पैशाचा भागही खरा आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतात, जी जुलै २०१८पासून १,४२८ डॉलर होती. ही रक्कम सैनिकाच्या हाती न पडता त्याच्या सरकारकडे जाते आणि सैनिकाला किती द्यायचे हे सरकार ठरवते. हा दर सर्व देशांना सारखाच असल्यामुळे ज्या श्रीमंत देशात सैनिकाचा पगारच मोठा असतो त्याला तो अपुरा पडतो, तर फिजीसारख्या देशाला तो परवडतो. वाहने आणि शस्त्रसामग्री स्वतःची आणल्यास तिचा मोबदला वेगळा मिळतो, पण फिजीपाशी तशी सामग्री बेताचीच, त्यामुळे त्या देशाला खऱ्या अर्थाने देता येतात ती माणसेच. मात्र निव्वळ पैशासाठी म्हणावे, तर लेबनॉनच्या सुरुवातीच्या वर्षांत काही बड्या राष्ट्रांनी आपली वर्गणी अडवून धरली होती आणि सैनिक पाठवणाऱ्या देशांचे पैसे थकले होते. तरीही फिजीने आपली पलटण माघारी बोलावली नाही.

झळ किती बसली, ते काना या गावी दिसते. सूर शहराच्या आग्नेयेस असलेल्या या गावात फिजीच्या पलटणीचे मुख्यालय होते. एप्रिल १९९६मध्ये इस्राएल आणि लेबनॉनमधील सशस्त्र संघटना हिजबुल्ला यांच्यात चकमकी पेटल्या, तेव्हा आसपासच्या खेड्यांतले सुमारे आठशे लोक, त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ, निळ्या झेंड्याखाली तरी आपण सुरक्षित राहू या भरवशावर मुख्यालयाच्या आवारात आसऱ्याला आले. १८ एप्रिलला दुपारी इस्राएली तोफांचे गोळे थेट त्या आवारात पडले. शंभराहून अधिक नागरिक मेले, फिजीचेही काही सैनिक जखमी झाले, आणि ज्यांना आदल्या दिवसापर्यंत आसरा दिला त्यांचेच मृतदेह गोळा करण्याची वेळ त्या सैनिकांवर आली. जवळून हिजबुल्लाने मारा केला होता आणि आपले गोळे चुकून तिथे पडले, असे इस्राएलने सांगितले, पण तांत्रिक चुकीतून असे घडले असण्याचा संभव कमी आहे, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीने काढला. फिजीची पलटण २००२ साली लेबनॉनमधून परतली, तोवर त्या देशाचे तीसहून अधिक सैनिक तिथे कामी आले होते.

पुढे २८ ऑगस्ट २०१४ रोजी सीरिया आणि इस्राएल यांच्यामधल्या गोलान टेकड्यांवर, जिथल्या शांतिसेनेचे प्रमुख त्या वेळी भारताचे लेफ्टनंट जनरल इक्बालसिंग सिंघा होते, सीरियातील नुसरा आघाडी या जिहादी गटाच्या बंडखोरांनी फिजीच्या ४५ सैनिकांना ओलीस धरले. त्यांची सुटका ११ सप्टेंबरला झाली. ते दोन आठवडे त्या बेटांवरच्या घराघरांत कसे गेले असतील, हे सैनिकांचे गाव पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. नऊ लाखांच्या देशात ४५ जण म्हणजे कोणाचा ना कोणाचा भाऊ, भाचा, शेजारीच. त्यानंतर सामग्रीच्या उणिवेकडे लक्ष गेले आणि जानेवारी २०१६मध्ये फिजीने रशियाकडून शस्त्रांची मोठी भेट स्वीकारली.

आणखी एक झळ आहे, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. परदेशातल्या कामगिऱ्यांसाठी फिजीचे सैन्य देशाच्या गरजेपेक्षा पुष्कळ वाढले. हे सैन्य जवळजवळ पूर्णपणे मूळ फिजीयन समाजाचे. लेबनॉन आणि इजिप्तमधील सिनाई इथे सेवा बजावून आलेले लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी १४ मे १९८७ रोजी संसदेत सैनिक घुसवून, गिरमिटियांच्या, म्हणजे ब्रिटिशांनी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांचा मोठा पाठिंबा असलेले निर्वाचित सरकार उलथवले. त्यानंतर भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांनी देश सोडला. २००६ साली लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. या उठावांना शांतिसेनाच कारणीभूत झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण जमीन आणि वंश यांचे वाद फार जुने आहेत. पण परमुलखातील शांततेसाठी वाढवलेल्या सैन्याने घरच्या लोकशाहीवर बंदूक रोखली, आणि तरीही शांतिसेनेतील त्याची जागा कायम राहिली, हे मला अतिशय खटकते. आपल्या बंधूंना जे सैनिक भेटले त्यांचा यात दोष नव्हता. ते काम त्यांनी जिवावर उदार होऊन केले.

प्रश्न : सिनाईतील फिजीचे सैनिकही संयुक्त राष्ट्रांचेच असतात का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. इजिप्त आणि इस्राएल यांच्यात १९७९ साली झालेल्या तहावर देखरेख ठेवण्यासाठी सुरक्षा परिषदेत एकमत होईना, म्हणून त्या दोन देशांनी अमेरिकेच्या साहाय्याने स्वतंत्र बहुराष्ट्रीय दल उभे केले. त्याचे मुख्यालय रोममध्ये आहे आणि एप्रिल १९८२पासून ते सिनाईत काम करते. सुरुवातीच्या तीन पलटणींपैकी एक अमेरिकेची, एक कोलंबियाची आणि एक फिजीची होती. या सैनिकांच्या डोक्यावर निळ्या रंगाऐवजी विटकरी रंगाची टोपी असते, त्यावरून छायाचित्रातही ते चटकन ओळखू येतात.